वाचकांचे प्रश्न : सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती आल्यावर

गरोदरपणातील आणि एकूणच स्त्रियांच्या आरोग्यातील सोनोग्राफीविषयी मागच्या अंकात या सदरासाठी प्रश्न मागवले होते. आलेल्या बऱ्याच पत्रांना रिपोर्टची छायाप्रत जोडलेली होती, त्यातल्या एखाद्या आकड्याखाली लाल रेघ मारलेली होती आणि ‘हे वाईट आहे का?’ एवढेच विचारलेले होते. तपासणी कशासाठी सांगितली होती, त्या दिवशी पाळीपासून कितवा आठवडा किंवा कितवा दिवस चालू होता आणि काही त्रास होता की नव्हता, हे मात्र फार थोड्या जणींनी लिहिले. या तीन गोष्टी कळल्यावाचून सोनोग्राफीतला आकडा वाचता येत नाही. खालच्या बहुतेक उत्तरांत मला हेच पुन्हा पुन्हा सांगावे लागले आहे, ते वाचकांनी सांभाळून घ्यावे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावे छापलेली नाहीत. ही उत्तरे पत्रावरून दिलेली आहेत, प्रत्यक्ष तपासून नव्हे. तेव्हा उपचारांत बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : माझ्या शेवटच्या पाळीचा पहिला दिवस ३ जानेवारी होता. त्यावरून बाळंतपणाची तारीख १० ऑक्टोबर निघते. नऊ आठवडे पूर्ण झाल्यावर केलेल्या सोनोग्राफीत १२ ऑक्टोबर, विसाव्या आठवड्यात ६ ऑक्टोबर आणि आता चौतिसाव्या आठवड्यात २४ ऑक्टोबर अशी तारीख आली. सर्वांत ताजा रिपोर्ट तोच बरोबर, असे धरायचे का?

उत्तर : नाही. तुमची तारीख १० ऑक्टोबर हीच आहे आणि ती आता बदलू नये. ताजा रिपोर्ट अधिक विश्वासार्ह वाटणे साहजिक आहे, पण बाळाच्या वयाच्या बाबतीत गणित उलटे चालते. नऊ आठवड्यांच्या सुमाराला सोनोग्राफी करणारी व्यक्ती पडद्यावर गर्भाच्या डोक्याच्या टोकाला एक फुली ठेवते, कुल्ल्याच्या टोकाला दुसरी ठेवते आणि त्या दोन फुल्यांमधले अंतर सव्वादोन-अडीच सेंटिमीटर भरते. या दिवसांत गर्भ रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो आणि आई उंच असो की ठेंगणी, जवळजवळ सगळे गर्भ एकाच चालीने वाढतात. त्यामुळे या लांबीवरून वय काढताना चूक झाली तरी ती सहसा पाच ते सात दिवसांपलीकडे जात नाही. ग्लासगोचे ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ साली हे माप मांडले आणि पहिल्या तीन महिन्यांतील तारीख आजही त्याच्याच आधाराने ठरते. नवव्या आठवड्यापासून चौदावा लागेपर्यंत पाळीच्या तारखेत आणि या मापात सात दिवसांहून अधिक फरक आला, तर सोनोग्राफीची तारीख धरतात. तुमचा फरक दोनच दिवसांचा होता, म्हणून पाळीची तारीख कायम राहिली.

पुढे प्रत्येक बाळ आपापल्या अंगलोटाने वाढू लागते. चौतिसाव्या आठवड्यात डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजली जाते आणि ‘एवढ्या मापाचे बाळ सरासरीने कितव्या आठवड्यात असते’ ते यंत्र सांगते. या वयात त्यावरून काढलेली तारीख तीन आठवड्यांपर्यंत मागेपुढे होऊ शकते. तुमच्या रिपोर्टमधल्या २४ ऑक्टोबरचा अर्थ एवढाच, की चौतीस आठवड्यांचे तुमचे बाळ मापाने बत्तीस आठवड्यांच्या सरासरी बाळाएवढे आहे. आता कोणी तारीखच पुढे सरकवली, तर कागदावर बाळ एकदम वेळेबरहुकूम दिसू लागेल आणि त्याची वाढ खरोखरच खुंटलेली असली, तर ती त्या नव्या तारखेआड दडून राहील. अशी उदाहरणे मी पाहिलेली आहेत, म्हणून इतके लांबवून लिहिते आहे.

तेव्हा डॉक्टरांना तारखेऐवजी हे विचारा : वाढीच्या आलेखावर बाळ कुठे बसते, विसाव्या आठवड्यात ते ज्या रेषेवर होते ती त्याने सोडली आहे का, पोटाचा घेर डोक्याच्या मानाने मागे पडला आहे का, गर्भजल पुरेसे आहे का आणि डॉप्लर या रक्तप्रवाह मोजणाऱ्या तपासणीत नाळेतील प्रवाह कसा आहे. बाळ नुसतेच चणीने लहान असेल, तर या सगळ्यांची उत्तरे समाधानकारक येतात. वार (प्लासेंटा) नीट काम करत नसेल, तर यांपैकी एखादे तरी बिनसलेले दिसते. वजनाच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. तो सूत्राने काढलेला अंदाज असतो आणि त्यात दहा-पंधरा टक्क्यांची चूक धरूनच चालावे लागते. म्हणजे १९०० ग्रॅम लिहिलेले बाळ प्रत्यक्षात १६०० ग्रॅमचेही असू शकते आणि २२०० चेही. याच कारणाने वाढीसाठी पुन्हा मोजायचे असेल, तर मध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर मोजणीतली चूकच वाढ म्हणून वाचली जाते.

प्रश्न : पाळीपासून सहा आठवडे चार दिवस झाले असताना योनिमार्गे सोनोग्राफी केली. ‘पिशवी १४ मिमी, गर्भ ३ मिमी, ठोके दिसत नाहीत, १० दिवसांनी पुन्हा तपासावे’ असा रिपोर्ट आहे. सगळे संपले, पण स्पष्ट सांगत नाहीत, असे तर नाही ना?

उत्तर : तुम्हाला स्पष्टच सांगितले गेले आहे. आज सांगता येत नाही, हेच त्या रिपोर्टमधले उत्तर आहे आणि ते बरोबर आहे. योनिमार्गे केलेल्या तपासणीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असून ठोके नसतील, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असून आत गर्भच नसेल, तेव्हाच गर्भ टिकलेला नाही असे एका तपासणीवर म्हणता येते. पूर्वी बऱ्याच ठिकाणी ५ आणि १६ मिलिमीटर या मर्यादा वापरत. दोन निष्णात माणसांनी तोच गर्भ मोजला तरी मापात थोडा फरक पडतो आणि एवढ्याशा फरकाने चांगला गर्भ गेलेला ठरू शकतो, हे लक्षात आल्यावर २०१३ साली तज्ज्ञांनी निकष मुद्दाम कडक केले. तुमचा गर्भ ३ मिलिमीटरचा आहे. या लांबीला ठोके कधी दिसतात, कधी दिसत नाहीत.

शिवाय सहा आठवडे चार दिवस हा हिशेब पाळीपासूनचा आहे. स्त्रीबीज त्या महिन्यात पाच-सहा दिवस उशिरा बाहेर पडले असेल, तर गर्भाचे खरे वय तेवढेच कमी असणार आणि ३ मिलिमीटर ही लांबी त्या वयाला शोभणारी असणार. तुमच्या पाळ्या अनियमित होत्या का, हे पत्रात नाही. डॉक्टरांना ते जरूर सांगा. दहा दिवसांनी गर्भ वाढलेला आणि ठोके पडत असलेले दिसतील, किंवा दिसणार नाहीत, आणि त्या दिवशी मिळालेल्या उत्तरात शंकेला जागा उरणार नाही. दहा दिवस हे तपासणाऱ्याला म्हणायला सोपे असते. ते काढणाऱ्या बाईची रात्र कशी जाते, याची कल्पना मला आहे. तरीही घाईने केलेली दुसरी, तिसरी सोनोग्राफी या काळात नवे काही सांगू शकत नाही. मध्ये भरपूर रक्तस्राव झाला किंवा पोटात असह्य कळा आल्या, तर मात्र तारखेची वाट पाहू नका.

याच विषयावर दुसरी एक वाचक लिहिते, की चाचणीत दिवस गेल्याचे दिसते, पण गर्भाशयात काहीच दिसले नाही. तिचा प्रश्न सर्वस्वी वेगळा आहे. गर्भ नळीत रुजलेला नाही ना, याची खात्री रक्तातील बीटा एचसीजी या गरोदरपणातील संप्रेरकाची पातळी अठ्ठेचाळीस तासांच्या अंतराने तपासून आणि पुन्हा सोनोग्राफी करून घ्यावी लागते. एका बाजूला दुखणे, खांद्याच्या टोकाशी दुखणे किंवा घेरी येणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

प्रश्न : सातव्या महिन्यापर्यंत माझ्या पाच सोनोग्राफी झाल्या आहेत. एवढ्या किरणांचा बाळाला त्रास होत नाही का?

उत्तर : सोनोग्राफीत किरण नसतात, आवाज असतो. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. तपासणीतला आवाज २० लाखांपासून दीड कोटी कंपनांपर्यंतचा असतो. प्रोबमधला, म्हणजे अंगावर टेकवतात त्या उपकरणातला, स्फटिक आवाजाची क्षणभराची लहर शरीरात सोडतो आणि परत येणारे प्रतिध्वनी ऐकत बसतो. नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या चित्राच्या वेळी यंत्राचा नव्याण्णव टक्क्यांहून अधिक वेळ या ऐकण्यातच जातो. क्ष-किरणांप्रमाणे पेशीतील अणूंची मोडतोड करण्याइतकी शक्ती या लहरींत नसते. मात्र आवाज ही ऊर्जाच आहे आणि ती शोषली गेली की ऊब निर्माण होते. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात टीआय आणि एमआय असे दोन निर्देशांक सतत उमटत असतात. पहिला उष्णतेचा अंदाज देतो, दुसरा लहरींच्या यांत्रिक परिणामाचा. डॉप्लरमध्ये ऊर्जा एकाच जागी अधिक पडते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत कारणाशिवाय तो वापरत नाहीत आणि ठोके मोजायला दुसरी, सौम्य पद्धत वापरतात.

तुमच्या शंकेला थोडासा आधार आहे, तोही सांगते. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉप्लरसह पाच वेळा तपासलेल्या गटात कमी वजनाची बाळे काहीशी अधिक आढळली होती. तीच मुले आठ वर्षांची होईपर्यंत पाहिली गेली, तेव्हा दोन्ही गटांच्या वाढीत फरक उरला नव्हता. इतक्या वर्षांच्या वापरात हानी सिद्ध झालेली नाही, तरी कारण असेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच वेळ, हा नियम आम्ही पाळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रत्येक गरोदर स्त्रीसाठी चोविसाव्या आठवड्याआधी एक सोनोग्राफी सुचवली. त्यापुढच्या प्रत्येक तपासणीला कारण असावे लागते : जुळे, रक्तदाब, मधुमेह, खाली असलेली वार, वाढीची शंका. तुमच्या पाच तपासण्यांना अशी पाच कारणे असतील, तर त्या जास्त नाहीत. निव्वळ बाळाचा चेहरा पाहण्यासाठी अर्धा-अर्धा तास प्रोब धरून ठेवणे मात्र मला मान्य नाही.

प्रश्न : एका वेळी भरपूर पाणी पिऊन बसवतात, दुसऱ्या वेळी आधी लघवीला जाऊन यायला सांगतात. नक्की काय करायचे?

उत्तर : दोन्ही बरोबर आहे. तपासणीतला हा आवाज हवेतून पुढे जात नाही, पाण्यातून सहज जातो. पोटावरून पाहताना गर्भाशयाच्या आड हवेने भरलेली आतडी येतात. भरलेले मूत्राशय त्यांना वर सारते आणि स्वतः पाण्याची खिडकी बनते. गर्भ मोठा झाल्यावर गर्भजलच हे काम करते, म्हणून पुढच्या महिन्यांत तिष्ठत बसण्याची गरज सहसा पडत नाही. योनिमार्गे पाहताना प्रोब गर्भाशयाच्या अगदी जवळ असतो आणि भरलेले मूत्राशय त्याला दूर ढकलते, म्हणून ते रिकामे करायला सांगतात. पोटावर लावले जाणारे ते थंडगार जेलही प्रोब आणि कातडी यांमधली हवा घालवण्यासाठीच असते.

प्रश्न : विसाव्या आठवड्यातील अ‍ॅनोमली स्कॅन (बाळाच्या अवयवांतील दोष पाहणारी सोनोग्राफी) नॉर्मल होता. बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी हृदयात छिद्र असल्याचे कळले. तपासणीत हलगर्जीपणा झाला, असे समजायचे का?

उत्तर : तुमचा संताप मला समजतो. छिद्र कोणते होते, यावर उत्तर अवलंबून आहे आणि पत्रात ते नाही, म्हणून दोन्ही बाजू लिहिते.

बाळ पोटात असताना त्याची फुप्फुसे श्वास घेत नसतात. प्राणवायू वारेतून येतो. त्यामुळे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात निसर्गानेच एक झडपेची वाट ठेवलेली असते आणि फुप्फुसाला जाणारी मोठी धमनी व महाधमनी यांना जोडणारी एक छोटी नलिकाही उघडी असते. या दोन्ही वाटा प्रत्येक बाळात असतात आणि असायलाच हव्यात. जन्मानंतर त्या मिटतात. एखाद्या बाळात त्या मिटल्या नाहीत, तर त्याला आपण दोष म्हणतो. पण विसाव्या आठवड्यात त्या उघड्या दिसणे हेच नॉर्मल असते. पुढे कोणती वाट मिटणार नाही, हे त्या दिवशी कोणालाही सांगता येणार नाही.

खालच्या दोन कप्प्यांमधले छिद्र ही वेगळी बाब आहे. ते मोठे असेल, तर दिसायला हवे. पण त्या वेळी बाळाचे अख्खे हृदय अंगठ्याच्या पेराएवढे असते, ते मिनिटाला १४०-१५० वेळा उडत असते, बाळ कधी पाठ करून झोपलेले असते आणि मधला पडदा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतो. त्यातले मिलिमीटरभराचे छिद्र चांगल्या यंत्रावर, चांगल्या हातांनाही निसटते. अशी पुष्कळ छिद्रे पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बुजतात, हेही येथे सांगायला हवे. उलट हृदयाचा एखादा कप्पाच वाढलेला नाही किंवा दोन मुख्य धमन्यांची अदलाबदल झालेली आहे, असे दोष चार कप्प्यांचे आणि बाहेर पडणाऱ्या धमन्यांचे दृश्य नीट पाहिले तर बहुतेक वेळा सापडतात. ते राहून गेले असतील, तर ही दृश्ये पाहिल्याची नोंद रिपोर्टमध्ये आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. ‘बाळाच्या स्थितीमुळे हृदय पूर्ण दिसले नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा यावे’ असे लिहिलेले असूनही पुन्हा जाणे राहून गेले, असेही होते. तो कागद एकदा शांतपणे वाचून पाहावा.

कवटी न बनणे यासारखा दोष सहसा सुटत नाही. आतड्यातला अडथळा किंवा मेंदूतील पाणी कधीकधी सातव्या-आठव्या महिन्यात प्रथमच दिसते. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाचा अ‍ॅनोमली स्कॅन पूर्णपणे नॉर्मल येऊ शकतो. त्याची शक्यता अकरा ते चौदा आठवड्यांतील एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचा पाण्याचा थर मोजणारी सोनोग्राफी) आणि रक्ताच्या चाचण्या यांवरून अधिक चांगली कळते. ‘नॉर्मल’ या शब्दाऐवजी ‘पाहिलेल्या अवयवांत दोष दिसला नाही’ असे लिहावे, असे मला फार दिवसांपासून वाटते.

प्रश्न : बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा एक वेढा आहे. सिझेरियन करावे लागेल का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. नाळ लांब असते, बाळ फिरत असते. वेढे पडतात आणि सुटतातही. जन्माच्या वेळी चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्यात वेढा असतो आणि त्यांतली बहुतेक सुखरूप जन्मतात. नाळेत रक्तवाहिन्यांभोवती दाट जेलीसारखा थर असतो, त्यामुळे ती सहज आवळली जात नाही. आणि बाळ नाकाने श्वास घेत नसल्याने गळा दाबून गुदमरण्याची कल्पना येथे लागू पडत नाही. कळा सुरू झाल्यावर ठोक्यांवर लक्ष ठेवले जाते आणि ते बिघडले तर त्या वेळी निर्णय होतो. बाळाची हालचाल कमी जाणवली, तर मात्र वेढा असो वा नसो, तपासून घ्या.

प्रश्न : पाचव्या महिन्यात वार खाली असल्याचे सांगितले आहे. तेव्हापासून मी अंथरुणातच आहे.

उत्तर : अंथरुणातून उठा. रक्तस्राव नसताना केवळ पडून राहिल्याने वार वर सरकते, याला आधार नाही. वार रुजलेल्या जागेवरून उचलली जात नाही. गर्भाशयाचा खालचा भाग शेवटच्या तीन महिन्यांत ताणून लांबतो आणि त्यामुळे वारेची कड गर्भाशयाच्या तोंडापासून दूर जाते. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेल्या वारेपैकी बहुसंख्य अशा तऱ्हेने बत्तीस-छत्तीस आठवड्यांपर्यंत बाजूला झालेल्या असतात. त्या सुमाराला योनिमार्गे सोनोग्राफी करून कड तोंडापासून २० मिलिमीटरपेक्षा दूर आहे का, ते पाहतात. काळजीपूर्वक केलेली ही तपासणी खाली वार असतानाही सुरक्षित आहे. तोवर शरीरसंबंध टाळावा का आणि प्रवास किती करावा, हे डॉक्टरांना विचारा. न दुखता रक्त गेले, तर लगेच रुग्णालयात जा. आधीचे बाळंतपण सिझेरियनने झाले असून वार पुढच्या बाजूला, जुन्या टाक्यांवर असेल, तर ती आत खोलवर रुजलेली नाही ना, हे अनुभवी व्यक्तीकडून मुद्दाम पाहून घ्यावे लागते.

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. पाळी तेराव्या वर्षी आली, आता ती चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येते. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत ‘अनेक लहान सिस्ट’ आहेत, म्हणजे पीसीओडी झाला, असे सांगितले. या गाठी काढाव्या लागतील का?

उत्तर : त्या गाठी नाहीत. प्रत्येक अंडाशयात स्त्रीबीजांच्या पाण्याने भरलेल्या बारीक पुटिका असतात. पडद्यावर त्या काळ्या मण्यांसारख्या दिसतात आणि रिपोर्टमध्ये त्यांना सिस्ट म्हणण्याची जुनी, दिशाभूल करणारी सवय पडलेली आहे. २००३ सालच्या रॉटरडॅम निकषांत एका अंडाशयात २ ते ९ मिलिमीटरच्या बारा पुटिका असल्या, तर ते अंडाशय पॉलिसिस्टिक धरावे, असे ठरले होते. यंत्रे सुधारली तशा निरोगी तरुणींतही बाराहून अधिक पुटिका दिसू लागल्या, म्हणून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आधुनिक यंत्रांसाठी हा आकडा वीसवर नेण्यात आला. त्याच सूचनांत असेही म्हटले आहे, की पहिली पाळी येऊन आठ वर्षे होईपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नये; कारण त्या वयात भरगच्च अंडाशय हे नेहमीचेच चित्र असते.

तुमच्या मुलीला पाळी येऊन चारच वर्षे झाली आहेत. पस्तीस दिवसांहून लांबणारी पाळी लक्ष देण्याजोगी आहे, हे खरे. पण या वयात पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरके यांचा बिघाड; यालाच पीसीओडी म्हणतात) म्हणायला तिच्याबरोबर पुरुषी संप्रेरके वाढल्याच्या खुणाही असाव्या लागतात : चेहऱ्यावर राठ केस, हटून बसलेली मुरुमे, किंवा रक्ततपासणीत तसे आढळणे. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांची पातळी तपासून घ्या, वजन व रक्तदाब यांची नोंद ठेवा आणि पाळीच्या तारखा लिहून काढा. बाकीच्या खुणा नसतील, तर तिला आजाराचे नाव चिकटवू नका. दरवर्षी तपासणी पुरे. सतराव्या वर्षी हाती पडलेला असा कागद मुली पुढे ‘मला मूल होणार नाही’ या समजुतीने वर्षानुवर्षे बाळगतात. हे मला माझ्या टेबलासमोर फार वेळा ऐकावे लागले आहे.

प्रश्न : वय ३१. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात ३.८ सेंमीची साधी गाठ दिसली. कर्करोगाची भीती वाटते. दरवर्षी अंडाशयाची सोनोग्राफी करत राहू का?

उत्तर : दर महिन्याला स्त्रीबीज ज्या पुटिकेतून बाहेर पडते, ती स्वतःच सुमारे दोन सेंटिमीटरची होते. एखाद्या महिन्यात ती फुटत नाही आणि वाढत राहते. पातळ भिंतीची, आत निव्वळ पाणी असलेली, ५ सेंटिमीटरच्या आतली अशी गाठ पाळी चालू असलेल्या स्त्रीमध्ये जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते आणि दोन-तीन पाळ्यांत विरते. आत भरीव भाग, जाड पडदे किंवा त्यांत रक्तप्रवाह दिसला, तर विचार निराळा होतो. अचानक तीव्र कळ आणि उलट्या सुरू झाल्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा थांबू नये.

पाणी की भरीव, हा सोनोग्राफीचा अगदी पहिला आणि आजही सर्वांत पक्का प्रश्न आहे. ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी धातूतले तडे शोधण्याच्या यंत्रावरून स्फूर्ती घेऊन केलेले काम १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यात पोट खूप फुगलेली एक स्त्री होती. जठराचा हाताबाहेर गेलेला कर्करोग असे तिचे निदान झाले होते. आवाजाच्या प्रतिध्वनींनी दाखवले, की पोटात पाण्याने भरलेली एक प्रचंड गाठ आहे. ती अंडाशयाची निघाली, शस्त्रक्रियेने काढली गेली आणि बाई बरी झाली.

पण त्रास नसलेल्या सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रीने दरवर्षी सोनोग्राफी करून अंडाशयाचा कर्करोग वेळेत सापडतो का, हा दुसराच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर निराशाजनक आहे. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे दीर्घ मुदतीचे निष्कर्ष २०२१ साली आले. अशा नियमित तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग असेल, तर जनुकीय सल्ला घ्या. नसेल, तर वार्षिक सोनोग्राफी नको.

प्रश्न : वय ५८, पाळी जाऊन सात वर्षे झाली. पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली, त्यात गर्भाशयाचे अस्तर ६ मिमी आले. ४ मिमीपेक्षा जास्त म्हणजे कर्करोग, असे कुठेतरी वाचले.

उत्तर : चार मिलिमीटरची मर्यादा पाळी गेल्यानंतर ज्यांना रक्तस्राव होतो, त्या स्त्रियांसाठी ठरवलेली आहे. त्यांचे अस्तर ४ मिलिमीटर किंवा कमी असेल, तर कर्करोगाची शक्यता फार थोडी. अधिक असेल, तर अस्तराचा तुकडा तपासतात. तुम्हाला रक्तस्राव नाही. अशा स्त्रीमध्ये ६ मिलिमीटर हा आकडा एकटा धोक्याचा नसतो. बरेच तज्ज्ञ ११ मिलिमीटरच्या पुढेच तुकडा तपासण्याचा विचार करतात, मात्र लठ्ठपणा, मधुमेह किंवा टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरची गोळी चालू असल्यास अलीकडेही करतात. पुढे कधी एक डाग जरी दिसला, तरी या रिपोर्टवर विसंबून राहू नका आणि पुन्हा दाखवा. रक्तस्राव वारंवार होत असेल, तर अस्तर पातळ असूनही तुकडा तपासावा लागतो.

प्रश्न : वय ३४. स्तनात हाताला गाठ लागली. सोनोग्राफीत ‘१६ मिमी, बायरॅड्स ३, सहा महिन्यांनी पुन्हा’ असे आहे. सहा महिने गाठ अंगावर बाळगायची का?

उत्तर : बायरॅड्स ही स्तनाच्या तपासणीत दिसलेल्या गोष्टींना द्यायची शून्यापासून सहापर्यंतची श्रेणी आहे आणि तीन याचा अर्थ कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. लांबट-गोल, कडा गुळगुळीत, कातडीला समांतर आडवी पसरलेली अशी भरीव गाठ तुमच्या वयात बहुधा साधी, कर्करोगाची नसलेली फायब्रोअ‍ॅडेनोमा असते. उंचीने रुंदीपेक्षा जास्त, काटेरी कडांची गाठ असती, तर श्रेणी चार किंवा पाच आली असती आणि सुईने तुकडा काढायला सांगितले असते. थांबवत नसेल, घरात स्तनाचा कर्करोग असेल, किंवा दिवस राहण्याचा विचार असेल, तर आताच तुकडा तपासून घेण्यात काही चूक नाही. डॉक्टरांना तसे सांगा. वयाची पस्तिशी जवळ आल्याने मॅमोग्राफी (स्तनाचा क्ष-किरण फोटो) जोडीला करावी का, हेही विचारा, कारण कॅल्शियमचे बारीक कण सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत.

सहा महिन्यांनी जाताना आजचा रिपोर्ट आणि चित्रे दोन्ही बरोबर न्या आणि शक्य तर त्याच ठिकाणी जा. गाठ घड्याळाच्या कितव्या काट्यावर आणि बोंडापासून किती सेंटिमीटरवर आहे, हे रिपोर्टमध्ये लिहिलेले असते. नव्या तपासणीत तीच गाठ मोजली गेली ना, याची खात्री त्यावरून होते. १६ मिलिमीटरची गाठ १७ भरली, तर तो फुली ठेवण्यातला फरक आहे. ती २० झाली, तर तुकडा तपासावा लागेल. आणि हाताला लागणारी एखादी गाठ सोनोग्राफीत दिसलीच नाही, तर ‘काही नाही’ असे समजून परत येऊ नका. ती जागा बोटाने दाखवा आणि प्रोब तिथेच ठेवायला सांगा.